घरात रेंज नाही, अंगणात आहे : जावळी, पाटण, शिराळ्याकडच्यांनी काय उपाय केलेत?

वेण्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढे. घर जुनं, दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती. कौलं काढून आता पत्रा घातलाय आणि उन्हाळ्यात तापू नये म्हणून खालून ती चंदेरी शीट मारून घेतली आहे. घरी आई-वडील दोघंच असतात, दोघांचीही सत्तरी उलटली आहे. मी नोकरीला पुण्यात.
अडचण अशी की घरात फोन वाजतच नाही. पायरीवर आलं की मिस्ड कॉलचे मेसेज एकदम येतात. माझा फोन येणार म्हणून आई संध्याकाळी फोन घेऊन पायरीवर बसते. उन्हाळ्यात ठीक आहे, पण आषाढात आमच्याकडे दार उघडायची सोय नसते. वडिलांच्या गोळ्या बदलल्या की साताऱ्याचे डॉक्टर फोनवर विचारपूस करतात, तेही पावसाळ्यात जमत नाही. गॅसचा, बँकेचा ओटीपी येईपर्यंत वेळ संपून जाते.
समोरच्या डोंगरामागे टॉवर आहे. दुकानदार म्हणतो बूस्टर लावा, सगळं घर उजळेल. कुणी लावलाय का? की कंपनी बदलू? तुमच्या भागात काय चालतं ते सांगा.

माणदेशी
सरळ पोर्ट करा, म्हंजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. आमच्याकडं दहिवडीला तिन्ही कंपन्या घरात चालत्यात. PORT टाकून नंबर १९००ला पाठवायचा, कोड येतो, दुकानात द्यायचा, झालं.

तारखात्यातला
माणदेशी, तुमचा माळ आणि जावळीचं खोरं यात फार फरक आहे हो. तुमच्याकडे टॉवर आणि घर यांच्यामध्ये बाभळीशिवाय काही नसतं.
वेण्णाकाठ, मी दूरसंचारमध्ये लाइनवर नोकरी करून निवृत्त झालो आहे. विनंती एवढीच की आधी मोजा, मग पैसे खर्च करा. काड्यांवर जाऊ नका. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’, तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ डीबीएममध्ये, म्हणजे रेंजची ताकद मोजायच्या एककात, दिसते. आयफोनवर डायलरमध्ये *३००१#१२३४५#* हे इंग्रजी आकड्यांत टाकून कॉल केला की तशीच माहिती उघडते.
आकडा उणे असतो, म्हणजे जितका शून्याकडे तितका चांगला. ४जीवर उणे ९०च्या आत असेल तर उत्तम. उणे १०० ते ११० म्हणजे काम चालतं पण भरवसा नाही. उणे ११५च्या पलीकडे बोलणं तुटतं आणि उणे १२०च्या पुढे फोन असून नसल्यासारखा. दर १० ने आकडा घसरला की ताकद दहा पटींनी कमी झालेली असते, त्यामुळे ९५ आणि ११५ हा वरवर छोटा दिसणारा फरक प्रत्यक्षात शंभर पटींचा असतो.
तीन ठिकाणी मोजा : अंगणात, पुढच्या खोलीत खिडकीशी, आणि माजघरात. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, आकडा हलत असतो. अंगणात चांगला आणि आत वाईट असेल तर दोष घराचा. अंगणातच वाईट असेल तर दोष खोऱ्याचा. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

वेण्णाकाठ
काका, खूप आभार. शनिवारी गावी आलो, लगेच मोजलं. अंगणात उणे ९७, पुढच्या सोप्यात खिडकीशी उणे १०८, माजघरात उणे १२१. आई माजघरातच असते बहुतेक वेळ.

तारखात्यातला
मग तुमचं खोरं दोषी नाही, घर दोषी आहे. ९७ ते १२१ म्हणजे २४ डेसिबल. अंगणात जेवढी ताकद पोचते त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढी माजघरात उरते.
पत्र्यातून लहरी जात नाहीत, त्या परत फिरतात. तुमची चंदेरी शीट म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ थर, तीही तेच करते. म्हणजे वरून पूर्ण बंद. दगडी भिंत थोडं आत सोडते पण दीड-दोन फूट जाडी फार झाली, आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली की आणखी कमी. राहिली दारं-खिडक्या. कौलं होती तेव्हा घरात फोन लागत होता का, आईंना विचारून बघा.

वेण्णाकाठ
विचारलं. ती लगेच म्हणाली, कौलं होती तोवर माजघरात बोलता येत होतं. आम्ही सगळे कंपनीला दोष देत होतो.

घाटमाथा
आमच्या महाबळेश्वरच्या बाजूलाही हेच. पावसाच्या आधी भिंतींना पत्र्याच्या झड्या लावल्या की घरातला फोन थेट दिवाळीलाच जागा होतो. ज्यांच्या झड्या गवताच्या किंवा प्लास्टिकच्या त्यांना एवढा त्रास नाही. दगडी घर बांधणारे आता पुढच्या बाजूला एखादी मोठी लाकडी खिडकी मुद्दाम टॉवरच्या दिशेला ठेवतात.

कऱ्हाडचा पोरगा
मी नेटवर्किंगची कामं करतो. एक छोटी गोष्ट आधी करून बघा, फुकट आहे. फोनची नेटवर्क सेटिंग ५जी ऑटोवर असेल तर ४जीवर आणा. कमकुवत ५जीला धरून बसलेला फोन सारखा ४जी-५जी असा उड्या मारतो, त्यात बॅटरीही जाते आणि कॉलही. आणि व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल जायची सोय, चालू आहे ना ते बघा, नाहीतर ४जी दिसूनही कधीकधी कॉल लागत नाही.
कंपनी बदलायची असेल तर माणदेशी म्हणतात तसं लगेच नको. शेजाऱ्याचं, पाहुण्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम तुमच्या फोनमध्ये टाकून माजघरातला आकडा बघा. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. १९००वरून आलेला कोड चार दिवसच चालतो, म्हणून तोही आधीच मागवून ठेवू नका.

तारखात्यातला
पोराने नीट सांगितलं. त्यात एक भर. सगळ्या कंपन्यांच्या लहरी सारख्या नसतात. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब असतात, त्या डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३००, २५००च्या वेगाला चांगल्या पण भिंतीपाशी थांबतात. ५जीच्या ३५००ची तर गोष्टच सोडा. डोंगराच्या मागे उन्हाची सावली पडते तशी रेंजचीही पडते, आणि लहर जितकी आखूड तितकी ती सावली गडद. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० या दोन पट्ट्यांवर आहे, त्यामुळे काही खोऱ्यांत तेच घरात शिरतं. पण गावाजवळ त्यांचा टॉवर हवा, आणि फोनला तो ७००चा पट्टा, म्हणजे बँड २८, चालायला हवा. जुन्या फोनमध्ये तो नसतो.

शिवारातला
एवढं कशाला? बूस्टर तीन हजारात येतो ऑनलाइन. आमच्या आळीत लावलाय एकाने, मस्त चालतो.

तारखात्यातला
नाही, मनापासून सांगतो, हे करू नका. आपल्या देशात रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, लावायचा अधिकार फक्त परवानाधारक दूरसंचार कंपनीला आहे. घरी विकत घेऊन लावणं बेकायदा आहे. ऑनलाइन मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंगची माणसं शोधून काढतात आणि जप्त करतात.
कायदा बाजूला ठेवला तरी शेजाऱ्यांचा विचार करा. स्वस्त बूस्टर टॉवरकडून येणारंच वाढवत नाही, टॉवरकडे जाणारंही वाढवतो आणि सोबत गोंगाटही. छतावरची आणि घरातली अँटेना जवळ असल्या तर तो स्वतःचाच आवाज परत परत ऐकत बोंबलत राहतो. टॉवरला त्या गोंगाटात बाकीचे फोन ऐकू येत नाहीत. एकाच्या घरात चार काड्या येतात आणि वस्तीतल्या वीस घरांचे कॉल तुटतात. ते वीस जण कंपनीला शिव्या देतात, कारण त्यांना कारण माहीतच नसतं. शिवारातला, तुमच्या आळीत इतरांना विचारून बघा, त्यांची रेंज कधीपासून बिघडली.

शिराळ्याची लेक
वेण्णाकाठ दादा, माझं सासर चांदोलीच्या पायथ्याला, वारणेच्या खोऱ्यात. घरात रेंज शून्य. आमचा प्रश्न वाय-फाय कॉलिंगने सुटला. गावात फायबर आलं होतं, ते घेतलं. मग फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू केलं. वेगळं ॲप नाही, जादा पैसे नाहीत, तोच नंबर. समोरच्याला साधाच कॉल वाटतो. मी कराडवरून फोन केला की सासूबाईंचा फोन स्वयंपाकघरात वाजतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवलं होतं.
दोन गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या. एक, सेटिंगमध्ये ‘वाय-फाय प्रेफर्ड’ निवडायचं. नाहीतर फोन त्या मरतुकड्या रेंजलाच चिकटून राहतो. तेवढंही जमत नसेल तर फोन विमान मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू करा, मग त्याला दुसरा मार्गच राहत नाही. दोन, फोन हे चालवणारा हवा. सासऱ्यांचा बटणांचा फोन चालत नव्हता. ओटीपीचे मेसेजही आम्हाला वाय-फायवर येतात, पण बँकेचं काही महत्त्वाचं असेल तर मी त्यांना अंगणात जाऊनच करायला सांगते.

वेण्णाकाठ
ताई, हे फार उपयोगी आहे. पण वडील स्मार्टफोन हातात धरत नाहीत. त्यांना हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच पुरतं. त्यांच्यासाठी काय?

तारखात्यातला
त्यांच्यासाठी तर सगळ्यात सोपा उपाय आहे आणि तो हल्ली कुणी सांगतच नाही. फायबरचा जो डबा घरात बसवतात त्याच्या मागे बहुतेक वेळा फोनचं एक भोक असतं. जुना घरातला दूरध्वनी तिथे जोडायचा. फायबरच्या प्लॅनबरोबर लँडलाइन नंबर मागून घ्या. मग माजघरात ठणठण वाजणारा, रिसीव्हर उचलून बोलायचा फोन तयार. वडिलांना काही नवं शिकावं लागणार नाही. कॉर्डलेस घेतला तर आईंना तो चुलीपाशीही नेता येईल.
फरक एवढाच लक्षात ठेवा. आमच्या काळात तांब्याच्या तारेतूनच एक्सचेंजकडून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून गावातली वीज गेली तरी फोन चालायचा. काचेच्या तारेतून वीज येत नाही. डबा बंद तर फोन बंद.

शिराळ्याची लेक
अगदी! पहिल्या पावसाळ्यात आमची हीच गत झाली. वीज गेली, राउटर बंद. थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपली आणि अंगणातली रेंजही गेली. नेमक्या त्या रात्री सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं. दिराने गाडी काढून त्यांना कोकरूडला नेलं, सुखरूप आहेत. त्यानंतर राउटरसाठी वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घेतला. राउटरला वीज फार कमी लागते, तो काही तास आरामात चालतो.
आणि सगळ्यांना सांगते, स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघायचं. त्या कॉलला फोन मिळेल त्या कंपनीचा टॉवर घेतो. गावात हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

कऱ्हाडचा पोरगा
ज्यांच्या वस्तीवर फायबर पोचलं नाही त्यांच्यासाठी : सिम टाकायचा ४जी राउटर. हा बूस्टर नाही, एक फोनच समजा, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. फक्त मान्यताप्राप्त घ्या. घराबाहेर लावायचे मिळतात, साधारण तीन ते सहा हजारांत. घराच्या आसपास जिथे आकडा सर्वांत चांगला तिथे उंच पाइपवर, टॉवरकडे तोंड करून लावायचा. तिथून घरात लॅन केबल आणायची आणि आत साधा वाय-फाय राउटर. त्यावर ताईंनी सांगितलं तसं वाय-फाय कॉलिंग.
लोक चुकतात ते इथे : राउटर घरात ठेवतात आणि छतावरच्या अँटेनापासून लांब काळी वायर आत आणतात. त्या वायरमध्येच अर्धीअधिक रेंज खर्च होते. राउटर वरच ठेवा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यातूनच वीजही वर पाठवता येते. पाइपला अर्थिंग करा. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात ते सांगायला नको. वळीव आला की वरची केबल काढून ठेवलेली बरी.
यात एक अट आहे. अंगणात किंवा छतावर निदान उणे ११०च्या आसपास मिळायला हवं. तिथेच काही नसेल तर राउटर तरी कुठून आणणार?

कोयनापल्याड
आमचं तेच आहे. शिवसागराच्या पलीकडं, कांदाटी खोरं. तापोळ्याला लाँचने यायचं. अंगणात नाही, छतावर नाही. वर टेकावर एका झाडाखाली दोन काड्या येतात, गावातली पोरं तिथं जाऊन ऑनलाइन फॉर्म भरतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागतो पण नेट नसल्यानं धान्य मिळायला माणूस दिवस घालवतो. ई-पीक पाहणीचे फोटो शेतात काढून ठेवायचे आणि टेकावर जाऊन पाठवायचे. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला बायका पोरं कडेवर घेऊन टेक चढल्या. घराच्या भिंतीचा विचार करायची वेळ आमच्यावर येतच नाही. आम्ही काय करायचं?

तारखात्यातला
कोयनापल्याड, तुमचं वाचून वाईट वाटलं. धरणासाठी ज्यांनी गावं दिली त्यांच्या वाट्याला हे यावं हे बरोबर नाही.
इथे एकट्याने काही होत नाही, गावाने मिळून करावं लागेल. कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा दाखवणं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सक्तीचं केलं आहे. प्रत्येक कंपनीच्या नकाशात तुमचं गाव बघा. नकाशात रंग भरलेला आणि प्रत्यक्षात उणे १२०, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट एकत्र ठेवा, तो तुमचा पुरावा. मग कंपनीच्या १९८ला तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. एकाने नको, वीस-पंचवीस घरांनी करा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील, त्याला पैसे पडत नाहीत. पुढे केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल, सीपीग्राम्स. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.
नकाशातच गाव कोरं असेल तर रस्ता वेगळा. केंद्राने जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांना ४जी द्यायची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, काम बीएसएनएलकडे आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे ग्रामसेवकांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा, आणि त्यात टॉवरसाठी गावठाणातली जागा लिहूनच द्या. तुमच्याकडे अभयारण्य आहे, वनखात्याच्या जागेत परवानगीला वर्षं जातात. गावठाणाची जागा दिली तर निम्मं काम तिथेच होतं.
आणखी एक. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही ४जी मिळावं अशी सोय सुरू केली आहे. म्हणून एक टॉवर आला तरी सगळ्यांनी सिम बदलायची घाई करू नका, आधी विचारून घ्या.

उरमोडीकाठ
ठराव होईल हो, पण आमच्या गावात टॉवर म्हटलं की निम्मी माणसं विरोधात. चिमण्या मरतात, कॅन्सर होतो म्हणतात. परळी खोऱ्यात मागे एक काम असंच अडलं.

तारखात्यातला
त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका, त्यांना बोलवून आकडे दाखवा. आपल्या देशाने सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ‘तरंग संचार’ नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर परिसरातले टॉवर दिसतात आणि पैसे भरून मोजणीही मागवता येते.
आणि हे जरूर सांगा : टॉवर लांब असला की कानाला लावलेला फोन पूर्ण जोर लावून ओरडतो. टॉवर जवळ असला की तोच फोन हळू बोलतो. उणे १२०वर तासभर बोलणाऱ्या माणसाच्या डोक्याशी टॉवरजवळच्या माणसापेक्षा जास्त किरण येतात. फोन गरम का होतो, बॅटरी दुपारीच का संपते, याचं उत्तरही तेच.

कोयनापल्याड
काका, हे सगळं लिहून घेतलंय. पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवतो. टेकावरचे आकडे पोरांना मोजायला लावतो, शाळेचे मास्तर मदत करतील म्हणाले.

वेण्णाकाठ
आमच्या गावात केबलवाल्याने फायबर आणलंय, मेढ्यावरून ओढलंय. लँडलाइन नंबरही देतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात बसवायला येतोय. डबा कुठे बसवून घेऊ?

कऱ्हाडचा पोरगा
माजघरातच घ्या. तुमच्या दगडी भिंतीतून वाय-फायही फार जाणार नाही, सोप्यात ठेवलात तर आईंना पुन्हा तिथे यावं लागेल. सोप्यासाठी लागलाच तर लॅन केबल टाकून दुसरा छोटा राउटर नंतर बसवता येतो.

शिराळ्याची लेक
आणि दादा, माणूस घरात असतानाच डबा यूपीएसवर जोडून घ्या. मग मेन स्विच बंद करा आणि वडिलांनाच रिसीव्हर उचलून तुम्हाला फोन लावायला सांगा. लागला तरच त्याला पैसे द्या.